श्रद्धेच्या यादीत नसलेला नियम: बॉब जोन्स विद्यापीठाचं प्रकरण

२१ डॉलर. अमेरिकेतला धर्म, वंश आणि करकायदा यांच्या इतिहासातला एक गाजलेला खटला एवढ्या रकमेच्या परताव्यावरून उभा राहिला. दक्षिण कॅरोलायना राज्यातल्या ग्रीनव्हिल शहरात बॉब जोन्स विद्यापीठ आहे. त्यांनी एका कर्मचाऱ्यामागे १९७५ सालचा बेकारी कर भरला आणि मग तो परत मागितला. करवसुली होण्याआधीच ती थांबवा म्हणून कोर्टात येता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने याच विद्यापीठाला १९७४ मध्ये सांगितलं होतं. आधी भरा, मग भांडा. म्हणून २१ डॉलर भरले आणि भांडण सुरू झालं. सरकारने उलट दावा लावला तो १९७१ ते १९७५ या वर्षांच्या थकबाकीचा: ४,८९,६७५ डॉलर आणि वर व्याज.

भांडणाच्या मुळाशी एक नियम होता. विद्यार्थ्याने दुसऱ्या वंशाच्या मुलीशी किंवा मुलाशी डेटिंग करायचं नाही, केलं तर नाव काढलं जाईल. असा नियम ठेवणाऱ्या संस्थेला धर्मादाय म्हणून करमाफी देता येणार नाही, असं कर खात्याचं म्हणणं. हा आमच्या धर्मश्रद्धेचा भाग आहे आणि त्यासाठी आम्हाला दंड करता येणार नाही, असं विद्यापीठाचं. विद्यापीठ खटला हरलं, पण नियम सोडला नाही. पुढे १७ वर्षांनी, २००० सालच्या मार्चमध्ये, टीव्हीवरच्या एका मुलाखतीत तो नियम संपला. मूलतत्त्ववादी ख्रिस्ती असणं म्हणजे आज काय, हे समजायला मला या एका नियमाचं चरित्र कुठल्याही व्याख्येपेक्षा जास्त उपयोगी पडलं.

स्वतःहून घेतलेलं नाव

मराठी वर्तमानपत्रांत 'मूलतत्त्ववादी' हा नेहमी दुसरा कोणीतरी असतो. स्वतःची ओळख करून देताना आपल्याकडे कोणी हा शब्द वापरणार नाही. अमेरिकेत मात्र तो लोकांनी हौसेने, अभिमानाने लावून घेतला. १९१० ते १९१५ या काळात 'द फंडामेंटल्स' नावाच्या १२ पुस्तिका निघाल्या. पैसा लायमन आणि मिल्टन स्टुअर्ट या भावांचा, तोही कॅलिफोर्नियातल्या खनिज तेलाचा. पाळक, मिशनरी, संडे स्कूल चालवणारे, अशा सगळ्यांना त्या फुकट पाठवल्या गेल्या. जर्मनीतून आलेली बायबलची ऐतिहासिक चिकित्सा आणि डार्विन, या दोघांमुळे चर्चच्या आतच श्रद्धा पोखरली जाते आहे, ही त्यामागची चिंता. मग १९२० मध्ये कर्टिस ली लॉज या बॅप्टिस्ट संपादकाने अशा मूळ तत्त्वांसाठी लढायला तयार असलेल्यांना 'फंडामेंटलिस्ट' हे नाव दिलं. लढायला तयार, हा भाग महत्त्वाचा. नुसतं मानणं पुरेसं नव्हतं.

मूळ तत्त्वं कुठली? प्रेस्बिटेरियन चर्चच्या सर्वसाधारण सभेने १९१० मध्ये पाच सांगितली: शास्त्र निर्दोष आहे, येशूचा जन्म कुमारीपोटी झाला, त्याने आपल्या पापांचं प्रायश्चित्त वधस्तंभावर भरलं, तो देहासकट उठला, आणि त्याचे चमत्कार खरे आहेत. यादी आखूड आहे. कोणीही पोस्टकार्डावर लिहू शकेल.

बॉब जोन्स सीनियर (जन्म १८८३) हे अलाबामातले फिरते सुवार्तिक. तंबूत, मैदानात सभा घेणारे. डार्विनवादाविरुद्धच्या १९२५ च्या डेटन खटल्यात उभे राहिलेले विल्यम जेनिंग्ज ब्रायन हे त्यांचे मित्र. कॉलेजांनी उत्क्रांती शिकवणं थांबवलं नाही तर हा देश नास्तिकांचा होईल, असं ब्रायन त्यांना म्हणाले आणि त्यातून कॉलेजची कल्पना निघाली, अशी गोष्ट संस्थेत सांगितली जाते. १९२७ मध्ये फ्लोरिडात ८८ विद्यार्थ्यांनिशी कॉलेज सुरू झालं, १९३३ मध्ये टेनेसीत गेलं आणि १९४७ मध्ये ग्रीनव्हिलला येऊन विद्यापीठ झालं. सगळ्या स्थलांतरांत एक गोष्ट बरोबर राहिली: १९२७ साली सॅम स्मॉल या पत्रकार-प्रचारकाने लिहून दिलेला विश्वासांगीकार. उपासनेला जमले की विद्यार्थी तो एका सुरात म्हणतात. शास्त्र ईश्वरप्रेरित आहे, माणूस देवाने थेट निर्माण केला, कुमारीपोटी जन्म, वधस्तंभावरचं प्रायश्चित्त, देहाचं पुनरुत्थान, पवित्र आत्म्याने होणारा नवा जन्म, कृपेने मिळणारं सार्वकालिक जीवन. म्हणायला अर्धा मिनिटही लागत नाही. त्यात वंश हा शब्द नाही. लग्न हा शब्दही नाही.

कुंपण

मग बाकीचं सगळं कुठून येतं? अमेरिकेतले कितीतरी इव्हँजेलिकल, म्हणजे सुवार्तेवर भर देणारे प्रोटेस्टंट, ख्रिस्ती वरच्या यादीतला शब्दन् शब्द मानतात आणि तरी स्वतःला मूलतत्त्ववादी म्हणवून घेत नाहीत. फरक यादीत नाहीच, तो कुंपणात आहे. या लोकांचा आवडता शब्द म्हणजे 'वेगळेपणा'. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात पौलाने विश्वास न ठेवणाऱ्यांबरोबर विजोड जुवाखाली जुंपले जाऊ नका, त्यांच्यातून निघून वेगळे व्हा, असं सांगितलं आहे. मूलतत्त्ववादी हे वाक्य जगण्याचा नियम म्हणून घेतो. आणि पुढे एक पायरी चढतो. चुकीची शिकवण देणाऱ्यापासून तर दूर राहायचंच, पण अशा माणसाशी संबंध ठेवणाऱ्या चांगल्या माणसापासूनही दूर राहायचं.

बिली ग्रॅहम यांची गोष्ट यावर पुरेशी बोलकी आहे. जगभर कोट्यवधींना सुवार्ता सांगणारे ग्रॅहम १९३६ मध्ये याच कॉलेजात दाखल झाले होते. कडक शिस्त जमली नाही, काही महिन्यांत सोडून गेले. १९५७ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्यांच्या सभा झाल्या तेव्हा आयोजनात उदारमतवादी चर्चेसही होती. ग्रॅहम व्यासपीठावरून काय सांगत होते याबद्दल जोन्स सीनियरची तक्रार नव्हती. तक्रार होती शेजारी कोण बसलं आहे याची. त्यावरून जी फूट पडली ती कायमची. अमेरिकन प्रोटेस्टंटांत 'इव्हँजेलिकल' आणि 'फंडामेंटलिस्ट' ही दोन वेगळी कुळं झाली ती बऱ्याच अंशी त्या वर्षापासून.

१९७९ मध्ये बॅप्टिस्ट पाळक जेरी फॉलवेल यांनी 'मॉरल मेजॉरिटी' ही राजकीय संघटना उभी केली. बाहेरच्या कोणालाही वाटेल की बॉब जोन्सवाल्यांना आनंद झाला असेल. दुसरी पिढी, बॉब जोन्स ज्युनियर, त्यांनी मात्र फॉलवेल यांना शास्त्रनिष्ठ ख्रिस्तीपणाच्या दृष्टीने अमेरिकेतला सर्वांत धोकादायक माणूस ठरवलं. कारण फॉलवेल राजकारणासाठी कॅथलिक, ज्यू आणि मॉर्मन यांच्या हातात हात घालत होते. 'ख्रिस्ती उजवे' असं एका शब्दात उडवून लावणाऱ्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा. कुंपणाच्या आतून पाहिलं तर फॉलवेलही मिळमिळीत दिसतात.

या कुंपणात गमतीशीर फटीही आहेत. बॉब जोन्स ज्युनियर शेक्सपिअरचे वेडे होते, स्वतः भूमिका करायचे. सिनेमागृहात जायला विद्यार्थ्यांना मनाई, पण कॅम्पसवर सिनेमा शिकवणारा विभाग १९५० पासून. रोमच्या पोपला ख्रिस्तविरोधी म्हणणाऱ्या या संस्थेने १९५१ मध्ये जे कलासंग्रहालय उघडलं त्यात युरोपातल्या कॅथलिक चर्चेसच्या वेदींसाठी काढलेली मरियेची, संतांची, हुतात्म्यांची बरोक चित्रं जमवली, आणि तो संग्रह पाहायला लांबून लोक येत. म्हणजे चित्रकाराचा धर्म चित्रापासून वेगळा काढता येत होता. हे जमणाऱ्यांना आपल्या प्रांतातला वंशभेद आपल्या शास्त्रापासून वेगळा काढणं इतकी वर्षं का जमलं नाही, हा खरा प्रश्न आहे.

कशापासून वेगळं व्हायचं, हा पेच मराठी ख्रिस्त्यांनाही सुटला नव्हता. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण अभंग आणि कीर्तन सोडलं नाही. येशूला त्यांनी देशी वृत्तांत आणि चालींत बसवलं. अहमदनगरच्या चर्चमध्ये आजही त्यांची भजनं म्हटली जातात. मूळ कुठलं आणि सवय कुठली, याची निवड टिळकांनी जाणीवपूर्वक केली. ग्रीनव्हिलमध्ये ती निवड झालीच नाही. तिथे भोवतालची सवयच मूळ समजून कुंपणाच्या आत घेतली गेली.

नियम कसा जन्मला

१७ एप्रिल १९६०, ईस्टरचा रविवार. दोन महिन्यांपूर्वी शेजारच्या उत्तर कॅरोलायनात, ग्रीन्सबरोमध्ये, काळे विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखलेल्या खाणावळीच्या बाकांवर जाऊन बसले होते आणि ते लोण दक्षिणेत पसरत होतं. विद्यापीठाच्या स्वतःच्या रेडिओ केंद्रावरून जोन्स सीनियर यांनी त्या दिवशी पुनरुत्थानाऐवजी वांशिक विभागणी शास्त्रसंमत आहे का, या विषयावर प्रवचन केलं. उत्तर होतं, आहे. आधार घेतला प्रेषितांची कृत्ये, अध्याय १७, ओवी २६ चा. अथेन्समध्ये पौल सांगतो की देवाने एकापासून सगळी राष्ट्रं निर्माण केली आणि त्यांच्या वस्तीच्या सीमा ठरवून दिल्या.

या ओवीचे दोन भाग आहेत हे लक्षात घ्या. गुलामगिरीविरोधकांनी एकोणिसाव्या शतकात हीच ओवी हातात घेतली होती, पण तिचा पहिला भाग: सगळी माणसं एकापासून, एका रक्ताची. जोन्स सीनियर यांनी दुसरा भाग उचलला: सीमा देवाने आखल्या. ओवी एकच, अक्षरश: वाचणारेही दोघे. निर्दोष शास्त्र मानलं की अर्थाचं भांडण मिटतं असं ज्यांना वाटतं त्यांना ही ओवी दाखवावी.

डेटिंगचा नियम मात्र या प्रवचनातून आलेला नाही. संस्थेनेच पुढे सांगितल्याप्रमाणे तो १९५० च्या दशकातला. एक आशियाई विद्यार्थी एका गोऱ्या मुलीशी लग्न करण्याच्या बेतात होता आणि त्याच्या घरच्यांनी संस्थेला कोर्टात खेचण्याची धमकी दिली, म्हणून नियम आला. म्हणजे पहिली हरकत एका आशियाई कुटुंबाची होती! मराठी वाचकाने इथे फार आश्चर्य दाखवू नये. विवाहविषयक जाहिरातींत 'क्षमस्व' हा शब्द कोणाकोणाच्या नावापुढे लागतो ते आपण रोज वाचतो, आणि त्याला कोणी शास्त्राधार मागत नाही. त्या वेळी विद्यापीठात एकही काळा विद्यार्थी नव्हता, हेही ध्यानात ठेवायला हवं.

काळ्या विद्यार्थ्यांना प्रवेश मिळाला तो १९७१ मध्ये, तोही स्वतःच्याच वंशात लग्न झालेल्यांना. १९७५ मध्ये खाजगी शाळांनाही वंशावरून प्रवेश नाकारता येणार नाही असा निकाल अपील न्यायालयाने दिल्यावर अविवाहितांसाठी दार उघडलं. दार उघडलं आणि त्याच वेळी आतला नियम नव्याने, कलमवार लिहिला गेला. मिश्र विवाह केलेला विद्यार्थी काढला जाईल. मिश्र विवाहाचा पुरस्कार करणाऱ्या संघटनेचा सदस्य काढला जाईल. वंशाबाहेर डेटिंग करणारा काढला जाईल. आणि हे नियम मोडायला इतरांना उत्तेजन देणाराही. शेवटचं कलम वाचताना वेगळेपणाच्या दुसऱ्या पायरीची आठवण होते. नियम मोडणाऱ्याला शिक्षा आहेच, त्याला बरं म्हणणाऱ्यालाही आहे.

कोर्टाने न विचारलेला प्रश्न

वंशभेद पाळणाऱ्या खाजगी शाळांना करमाफी द्यायची नाही, असं कर खात्याने १९७० मध्ये ठरवलं होतं. अमेरिकेत करमाफी म्हणजे नुसता संस्थेचा कर वाचणं नव्हे. देणगी देणाऱ्यालाही ती रक्कम आपल्या उत्पन्नातून वजा करता येते. देणग्यांवर चालणाऱ्या संस्थेचा श्वास त्यात असतो. जानेवारी १९७६ मध्ये विद्यापीठाची करमाफी काढली, आणि ती मागच्या तारखेने, १ डिसेंबर १९७० पासून. जिल्हा न्यायालयात विद्यापीठ जिंकलं, अपिलात हरलं.

सर्वोच्च न्यायालयात प्रकरण पोचलं आणि एक विचित्र वळण आलं. जानेवारी १९८२ मध्ये रेगन सरकारने बाजू बदलली. कायद्याने कर खात्याला असा अधिकारच दिलेला नाही, असं खुद्द सरकार म्हणू लागलं. मग खालच्या निकालाची बाजू मांडणार कोण? न्यायालयाने विल्यम कोलमन यांना नेमलं. कोलमन काळे वकील, राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या मंत्रिमंडळातले माजी वाहतूक मंत्री. ऑक्टोबर १९८२ मध्ये युक्तिवाद झाले आणि २४ मे १९८३ रोजी ८ विरुद्ध १ असा निकाल लागला. सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांनी लिहिलं की करमाफी मिळवणाऱ्या संस्थेचं काम प्रस्थापित सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध असू नये, आणि शिक्षणातला वंशभेद संपवणं हे सरकारचं मूलभूत हिताचं काम आहे. करमाफी गेल्याने संस्थेवर भार पडेल, पण तिला आपली श्रद्धा पाळण्यापासून कोणी अडवत नाही. एकटे न्यायमूर्ती रेनक्विस्ट विरोधात होते. वंशभेदविरोधी धोरण त्यांनाही मान्य होतं, पण तसा कायदा काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, केलेला नाही, एवढाच त्यांचा मुद्दा. मला तो मुद्दा अगदीच टाकाऊ वाटत नाही. पण तो वेगळा विषय.

या सगळ्या प्रवासात एक प्रश्न कोणत्याही न्यायाधीशाने विचारला नाही: हे बायबलमध्ये कुठे लिहिलं आहे? विचारता येत नव्हताच. श्रद्धा प्रामाणिक आहे की नाही एवढंच अमेरिकन कोर्ट पाहतं, ती शास्त्राला धरून आहे की नाही हे पाहणं त्याचं काम नाही. विद्यापीठाची श्रद्धा प्रामाणिक आहे हे सगळ्यांनी मान्यच केलं. त्यामुळे नियम हरला, पण 'धर्मश्रद्धेचा भाग' हा त्याचा शिक्का अधिकृत कागदावर तसाच राहिला. आणि आता तर त्याच्यासाठी किंमत मोजली गेली होती. ज्या गोष्टीसाठी माणूस सोसतो ती गोष्ट मनात आणखी मोठी होते. पुढची १७ वर्षं विद्यापीठाने कर भरला आणि नियम पाळला. बाहेरच्यांना हा हट्ट दिसला, आतल्यांना श्रद्धेची साक्ष दिसली. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

३ मार्च २०००

२ फेब्रुवारी २००० रोजी जॉर्ज डब्ल्यू. बुश राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या प्रचारासाठी कॅम्पसवर बोलून गेले. दक्षिण कॅरोलायनात रिपब्लिकन उमेदवाराने इथे हजेरी लावणं नवं नव्हतं, रेगनही १९८० मध्ये आले होते. पण या वेळी देशभर आरडाओरड झाली. मिश्र जोडप्यांवर बंदी आणि कॅथलिकांबद्दलची भाषा, दोन्ही चव्हाट्यावर आलं. कॅथलिक मतं हातची जाऊ नयेत म्हणून बुश यांना न्यूयॉर्कच्या कार्डिनलना दिलगिरीचं पत्र लिहावं लागलं.

३ मार्चला तिसरी पिढी, बॉब जोन्स तिसरे, लॅरी किंग यांच्या टीव्हीवरच्या मुलाखतीच्या कार्यक्रमात बसले आणि त्यांनी सांगून टाकलं की आजपासून हा नियम नाही. किंग यांनी जो प्रश्न विचारला तो कुठल्याही संडे स्कूलच्या पोराने विचारला असता: याला शास्त्रात आधार आहे का? जोन्स यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की एकही ओवी दाखवता येणार नाही, आणि तसा प्रयत्नही आम्ही केलेला नाही. नियमामागे एक व्यापक तत्त्व होतं, ते म्हणजे सगळं जग एक करू पाहणाऱ्या, ख्रिस्तविरोधीचा (बायबलमधल्या अंतकाळच्या शत्रूचा) मार्ग मोकळा करणाऱ्या शक्तींना विरोध. पण त्या तत्त्वापुढे हा नियम अगदीच किरकोळ आहे, आणि त्याच्यामुळे आमचं खरं काम झाकोळलं जात असेल तर तो गेलेला बरा.

मी हा भाग पुन्हा पुन्हा वाचला आहे. ज्यासाठी सर्वोच्च न्यायालयात धर्मस्वातंत्र्याचा दावा केला, ज्यासाठी करमाफी घालवली, त्याला ओवीचा आधार नव्हता! 'फक्त शास्त्र' हे ज्यांचं ब्रीद, त्यांच्या घरात तो सबंध काळ एक बिनशास्त्राचा नियम राहत होता. आणि तो काढायला शास्त्राचा नवा अभ्यास लागला नाही, धर्मसभा लागली नाही. प्रतिष्ठेचा हिशेब पुरला. त्यानंतर थोड्याच दिवसांत कॅम्पसवर नवी अट आली, मिश्र जोडप्यांनी घरून पालकांचं पत्र आणावं. तीही लवकरच मागे घेतली गेली. कुंपण पाडल्यावर निदान खांब तरी राहू द्यावेत असं वाटतं, तसं ते असावं.

माफीची भाषा

२००५ मध्ये चौथी पिढी आली, स्टीफन जोन्स. २००८ मध्ये माजी विद्यार्थ्यांनी सह्यांची मोहीम काढली: नियम गेला, आता माफी मागा. हे लोक श्रद्धा सोडून गेलेले नव्हते. त्यांतले बरेच याच विश्वासांगीकारात वाढलेले होते आणि त्याच्याच आधारे बोलत होते. नोव्हेंबर २००८ मध्ये विद्यापीठाने निवेदन काढलं. त्यात म्हटलं होतं की वंशाबद्दलची आमची धोरणं शास्त्राच्या तत्त्वांपेक्षा अमेरिकन संस्कृतीतल्या विभागणीच्या वृत्तीने घडली. त्या संस्कृतीला ख्रिस्ती उत्तर देण्याऐवजी आम्ही तिच्यासारखेच झालो.

याला पुष्कळांनी मूलतत्त्ववादाची माघार म्हटलं. मला तसं वाटत नाही. ही माफी अस्सल मूलतत्त्ववादी आहे. आम्ही फार कडवे होतो, असं ती म्हणत नाही. आम्ही जगापासून पुरेसे वेगळे राहिलो नाही, असं म्हणते. पाप कुठलं? भोवतालासारखं होण्याचं. १९५७ मध्ये ग्रॅहम यांच्यावर ठेवलेला आरोप २००८ मध्ये विद्यापीठाने स्वतःवर ठेवला. याच भाषेत त्यांना चूक कबूल करता आली, दुसऱ्या कुठल्या भाषेत आली नसती. उदारमतवादी समीक्षक जी भाषा वापरत होते, हक्काची, समानतेची, ती चार दशकं त्यांच्या कानांवर पडून गेली होती.

मात्र याच भाषेची दुसरी बाजूही आहे. कुंपणाच्या आत कोणाला दुखावलं गेलं तर कुंपणाबाहेर तक्रार नेणं म्हणजे साक्ष बिघडवणं, असं वातावरण तयार होतं. लैंगिक अत्याचार सोसलेल्या विद्यार्थ्यांना संस्थेत कसा सल्ला दिला गेला, याची चौकशी विद्यापीठाने स्वतःच 'ग्रेस' या बाहेरच्या ख्रिस्ती संस्थेकडे दिली. मध्येच ती थांबवली, ओरड झाल्यावर पुन्हा चालू केली. डिसेंबर २०१४ मध्ये आलेल्या अहवालात पीडितांनाच दोष दिल्याच्या, पोलिसांकडे जाण्यापासून परावृत्त केल्याच्या तक्रारी नोंदवल्या आहेत. ही चौकशी करणाऱ्या संस्थेचे संस्थापक बिली ग्रॅहम यांचे नातू. कुंपणाबाहेर गेलेल्यांच्या घरातूनच हिशेब मागायला माणूस आला. वंशाच्या नियमापेक्षा हा भाग मला जास्त अस्वस्थ करतो. नियम निदान लिहिलेला तरी होता. तो दाखवता येत होता, त्याच्याविरुद्ध खटला लढता येत होता.

नावाचं काय झालं

२००१ च्या ११ सप्टेंबरनंतर 'फंडामेंटलिस्ट' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे विमानं येऊ लागली. २००२ मध्ये बॉब जोन्स तिसरे यांनी सुचवलं की आपण स्वतःला 'प्रिझर्व्हेशनिस्ट', म्हणजे जपणूक करणारे, म्हणवून घ्यावं. नाव काही रुजलं नाही. अशी नावं ठरवून रुजत नसतात. पण तेव्हापासून हा शब्द वापरताना आतली माणसंही जरा घुटमळतात. श्रद्धा विचारली तर यादी सांगतात, नाव विचारलं तर 'बायबल मानणारे' म्हणतात. आज अमेरिकेत एखादा स्वतःला सरळ मूलतत्त्ववादी ख्रिस्ती म्हणवून घेत असेल तर त्याने हा शब्द आजूबाजूचे काय समजतील हे माहीत असूनही निवडलेला असतो. १९२० मध्ये लॉज यांनी तो दिला तेव्हाही त्यात हीच खुमखुमी होती.

दरम्यान रोजची बंधनं सैल होत गेली. मुलींना वर्गात पँट घालायला परवानगी मिळाली. सरकारमान्य मूल्यांकनाच्या चौकटीपासून वर्षानुवर्षं दूर राहिलेल्या विद्यापीठाने २०१७ मध्ये दक्षिणेतल्या मुख्य प्रादेशिक संस्थेची मान्यता मिळवली. त्याच वर्षी करमाफीही परत आली. त्यासाठी संस्थेची कागदोपत्री रचना बदलून विद्यापीठ आपल्याच प्राथमिक शाळेच्या धर्मादाय संस्थेखाली आणलं गेलं. २१ डॉलरपासून सुरू झालेलं प्रकरण असं एका प्राथमिक शाळेच्या आडोशाला येऊन मिटलं.

२०१४ मध्ये स्टीव्ह पेटिट अध्यक्ष झाले होते. जोन्स घराण्याबाहेरचे पहिलेच. हे बरेचसे बदल त्यांच्या काळातले. २०२३ च्या वसंतात विश्वस्त मंडळाच्या अध्यक्षांशी न पटल्याने त्यांनी राजीनामा दिला आणि पाठोपाठ मंडळाच्या अध्यक्षांनीही पद सोडलं. विद्यापीठ आपली जुनी ओळख सोडतं आहे, असा पेटिट यांच्यावर टीकाकारांचा आक्षेप होता. तक्रारी होत्या त्या कपड्यांच्या, संगीताच्या, इतर चर्चेसशी वाढलेल्या सलगीच्या. सॅम स्मॉलने १९२७ मध्ये लिहून दिलेल्या कलमांपैकी एकाही कलमावर कोणाचा कोणाशी वाद नव्हता.